टिळा लागल्याशिवाय गाडी हलायची नाही

न्यूझीलंडमध्ये मी एका मोटर रेसिंग टीमचा चीफ मेकॅनिक होतो. टीममध्ये आम्ही दोघंच होतो, आणि दुसरा माणूस गाडी चालवायचा, म्हणून ते पद माझ्याकडे आलं.

दुसरा माणूस म्हणजे काका. त्यांचं नाव सांगत नाही, कारण मलाच ते दोन वर्षांनी कळलं, एका एन्ट्री फॉर्मवर. सगळे काकाच म्हणायचे. तिथल्या गोऱ्या लोकांना वाटायचं, या माणसाचं नाव पोपटावरून ठेवलंय. काका नावाचा एक पोपट असतो तिकडच्या जंगलात. तपकिरी, वाकड्या चोचीचा, दिवसभर लाकूड पोखरत बसतो. ट्रॅकवर कोणी ना कोणी तिकडचा नमस्कार घालून विचारायचाच, "कियोरा काका! व्हाय द पॅरट, मेट?" काकांनी एकदाही खुलासा केला नाही. आणि त्यांचं नाक बघितलं, दिवसभर एकाच ठिकाणी ठोकत बसायची सवय बघितली, तर लोकांचं फार चुकतही नव्हतं.

मूळचे भोसरीचे. टूलरूममध्ये फोरमन होते, म्हणजे कारखान्याचे साचे बनतात तिथे. पन्नाशीजवळ आल्यावर न्यूझीलंडला आले आणि ऑकलंडमध्ये पेनरोजला परत टूलरूममध्येच लागले. येताना सुटकेसमध्ये इंचाचे पान्हे भरून आणले. वजन जास्त झालं तेव्हा काकूंची लोणच्याची बरणी मुंबईच्या विमानतळावर राहिली आणि पान्हे आले. काकू ते कधीच विसरल्या नाहीत. मी अवोन्डेलला त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवलो, तेव्हा ताट वाढताना मला म्हणाल्या, "लोणचं नाहीये. ह्यांना विचार का ते."

गाडी अमेरिकन. साठच्या दशकातली, दोन दारांची, काळी, आणि बॉनेट एवढं लांब की वळण आधी बॉनेटला कळायचं, मग काकांना. मी तिला म्हैस म्हणायचो. काकांना आवडायचं नाही. ते 'ती' म्हणायचे. "ती गरम झालीये." "तिला जरा थांबू दे." काकू आत ओट्यापाशी असल्या की गोंधळ व्हायचा.

एवढ्या गाड्या जगात असताना हीच का, असं मी विचारलं होतं. मला वाटलं काहीतरी लहानपणचं स्वप्न वगैरे निघेल, डोळे पाणावतील. काका म्हणाले, "सगळी इंचात आहे."

तर अशा जुन्या गाड्यांच्या तिथे शर्यती असतात. एके काळी ज्या टूरिंग कार रेसमध्ये पळायच्या, तशाच गाड्या तशाच तयार करून, बहुतेक पांढऱ्या केसांची माणसं पळवतात. बक्षीस म्हणाल तर एक कप, तो पण पुढच्या वर्षी परत द्यायचा. वळणांवर छोट्या ब्रिटिश डब्या म्हशीला बगल देऊन पुढे जायच्या, आणि सरळ रस्ता आला की म्हैस त्या सगळ्यांना गिळून पुढे. मग परत वळण. दहा फेऱ्या हेच. काका कधी जिंकले नाहीत. पहिल्या दहात आले की काकूंना फोन करायचे. काकू ट्रॅकवर आल्या नाहीत कधी. त्यांचा एकच नियम होता: "बातमी चांगली असेल तरच फोन करा. वाईट असेल तर घरी येऊन सांगा. घरी आलात म्हणजे तेवढी वाईट नसेल."

माझी आणि काकांची ओळख खोटेपणावरून झाली. मी नववी पास आहे. दहावी तीनदा बघून आलो. चिंचवडला एका गॅरेजमध्ये स्कूटरी उघडायचो. बायको शिकलेली, कॉम्प्युटरवाली, तिला तिकडचा स्किल्ड मायग्रंट व्हिसा मिळाला, आणि मी तिच्या फाइलला टाचणीनं लावलेला कागद होतो. पेनरोजला एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागलो. शेजारीच काकांची टूलरूम. जेवणाच्या सुट्टीत बाहेर ही काळी गाडी, आणि तिच्या उघड्या बॉनेटवर वर्तमानपत्र पसरून एक मराठी माणूस डबा खातोय. मी जाऊन सांगितलं, "व्ही-एट ना? खूप उघडलेत मी." मी आठ सिलिंडर आयुष्यात पाहिले होते ते गॅसचे, एजन्सीच्या टेम्पोत.

काकांनी घास संपवला, हात पुसला, म्हणाले, "अर्ध्या इंचाचा पान्हा दे."

मी आत्मविश्वासानं तेराचा दिला.

त्यांनी तो नटवर लावला, हलवला, आणि माझ्याकडे बघितलं. "अर्धा इंच म्हणजे बारा पूर्णांक सात. हा तेरा. तू तीन दशांश मिलिमीटर खोटा आहेस." परत डबा उघडला. "चालेल. शनिवारी ये."

एवढीच मुलाखत. घरी येऊन बायकोला सांगितलं, मला रेसिंगमध्ये जॉब लागला. ती म्हणाली, "त्यांनी तुझं काम बघितलं का आधी?" म्हटलं, हो. "आणि तरी?"

शनिवार-रविवार मग अवोन्डेलला. काकांच्या शेडमध्ये चपला घालून जाता यायचं नाही. जँडल, म्हणजे तिकडच्या रबरी चपला, दाराबाहेर काढायच्या, पंजे बाहेरच्या दिशेला करून. आत गाडी असली की गाडीत बसताना मोजे पण झटकायचे. पुकेकोहेच्या ट्रॅकवर हाच नियम. काका गाडीपाशी यायचे, जँडल काढून पिटच्या, म्हणजे गाड्या थांबवून दुरुस्त करायच्या जागेच्या, भिंतीपाशी जोडीनं ठेवायचे, मग एका पायावर उभे राहून रेसचे बूट घालायचे. मला बूट नव्हते, म्हणून मी सीट पुसायला आत शिरायचो तो अनवाणी. सकाळी सात वाजता, दव पडलेल्या डांबरावर, कांद्याच्या शेतांवरून येणाऱ्या वाऱ्यात. शेजारच्या टीमचा एक माणूस मला रोज विचारायचा, "वेअर्स यॉर शूज, बडी?" आणि मी रोज सांगायचो, "इन माय कंट्री, कार इज टेम्पल." हे मी तिथल्या तिथे बनवलं होतं. त्या माणसानं पुढे त्याच्या मुलांना सांगितलं आणि ती मुलं मला हात जोडायला लागली.

काकांचं बोलणं आकड्यात. मी म्हणायचो, "काका, तेल जरा कमी वाटतंय." ते म्हणायचे, "किती?" "म्हणजे, कमीच आहे बऱ्यापैकी." "आकडा सांग. गोष्ट नको." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता बायकोनं 'किती वाजता येशील' विचारलं की मला घाम फुटतो. पाऊस येईल का, काका आकडा विचारणार. भूक लागली, किती पोळ्यांची? काकूंनी एकदा रागात सांगितलं, "पस्तीस वर्षं झाली लग्नाला, हा आकडा पुरे का?" काका म्हणाले, "चौतीस आणि सात महिने."

मी याच्या बरोब्बर उलटा. मला कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नाही, आणि गप्प तर बसताच येत नाही. आता एक फळा होता. रेसमध्ये ड्रायव्हरला ट्रॅकच्या कडेनं फळा दाखवतात, कितवा नंबर आहे, किती फेऱ्या राहिल्या. आमचा फळा शाळेतल्यासारखा काळा, काकांनीच बनवलेला, वर खडूनं लिहायचं, मराठीत. खडू माझ्या हातात. माझ्यासारख्याच्या हातात खडू द्यावा का कोणी? पहिल्या रेसला नंबर लिहिले. दुसऱ्या रेसला खाली लिहिलं, 'भूक लागली.' काकांनी फेरी संपल्यावर एक बोट हलवलं. मला वाटलं आवडलं. तिसऱ्या रेसला लिहिलं, 'पुढचा म्हातारा दमलाय.' चौथ्याला काही सुचेना म्हणून लिहिलं, 'काकूंचा फोन.'

काका सहावे होते त्या वेळी. त्याच फेरीला आत आले, गाडी थांबवली, हेल्मेट काढलं. चेहरा पांढरा. काकू स्वतःहून ट्रॅकवर कधीच फोन करत नाहीत, हे विसरलो होतो मी. घरी काही वाईट घडलं असेल तरच त्या करणार, असं काकांच्या डोक्यात.

"काय झालं?"

"काही नाही काका. गंमत."

त्यांनी हेल्मेट मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "यापुढे फळ्यावर काय वाट्टेल ते लिही. मी फक्त आकडे वाचणार." आणि ओरडले वगैरे नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. घरी जाताना व्हॅनमध्ये मी विषय काढला तर म्हणाले, "डावीकडे वळ."

आता कुंकवाचं सांगतो. त्याआधी सायलेन्सरचं सांगायला पाहिजे.

सीझनच्या शेवटच्या रेसला म्हशीचा सायलेन्सर ट्रॅकवर पडला. क्लॅम्प मी बसवला होता. काकांनी आदल्या दिवशी विचारलं होतं, झालं का? मी म्हटलं होतं, झालं. झालं म्हणजे होत आलं होतं. मागून येणाऱ्या तीन गाड्या सायलेन्सरला चुकवायला गवतात गेल्या. कोणाला लागलं नाही. पण क्लबकडून पत्र आलं. काकांनी ते मला वाचून दाखवलं, आणि इंग्रजीत असूनही मला सगळं कळलं: यापुढे या गाडीमुळे ट्रॅकवर धोका झाला, तर ग्रिडमधली जागा जाईल. ग्रिड म्हणजे सुटताना गाड्या ज्या रांगेत उभ्या राहतात ती. त्यात जागा मोजक्या, आणि बाहेर नंबर लावून लोक थांबलेले. काका तेव्हा साठीला आले होते. एकदा जागा गेली की परत मिळेपर्यंत डॉक्टरनंच गाडीत बसू दिलं नसतं.

काकांनी ते पत्र शेडमध्ये पान्ह्यांच्या फळीवर खिळ्यानं लावलं, अर्ध्या इंचाच्या पान्ह्याशेजारी. मला म्हणाले, "'झालं' हा आकडा नाही."

त्या दिवसापासून नियम. जो नट आवळला, त्यावर तिथल्या तिथे खूण. तिकडे सगळे पिवळ्या पेंटचा पेन वापरतात. काकांनी आणला होता, मी टोपण हरवलं, पेन वाळला. तेव्हा काका घरात गेले आणि देवघरातली कुंकवाची जुनी डबी घेऊन आले. त्यात मशिनच्या तेलाचे दोन थेंब टाकून कालवलं. "ह्याला टोपण फिरकीचं आहे. हरवून दाखव." चाकाला पाच नट, चार चाकं, वीस नट. टॉर्क रेंच लावायचा, तो नेमका आवळल्यावर 'टक' करतो, टक झालं की टिळा. टिळा लागल्याशिवाय गाडी हलायची नाही. आणि टिळा लागलेला नट परत आवळायचा नाही. "ताणला जातो. टिळा आहे ना? मग विश्वास ठेवायचा." ट्रॅकवरचे लोक येऊन बघायचे. एकानं विचारलं, हे धार्मिक आहे का? काका म्हणाले, "नो. फॉर्टी-नाइन पर्सेंट."

पुढचा सीझन ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. पहिली रेस रविवारी. त्या आठवड्यात खंडेनवमी येऊन गेली होती, पण तिकडे सगळे सण शनिवारी येतात. काकांकडे हत्यारांची पूजा दर वर्षी. पांढऱ्या चादरीवर सगळे पान्हे मांडायचे, टॉर्क रेंचची पेटी उघडी मधोमध, हळदकुंकू, फुलं. झेंडू मिळाला नाही तर शेजारच्या कुंपणावरचं कॅमेलिया. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही.

शनिवारी दुपारी काका ट्रेलर आणायला पेनरोजला गेले. जाताना सांगून गेले, "चारही चाकं बदल. गाडी खाली घे, टक, टिळा. मी आल्यावर पूजा करू." सोपं काम. मी तीन चाकं केली. पंधरा नट, पंधरा टक, पंधरा टिळे. चौथं चाक, मागचं उजवं, साध्या पान्ह्यानं लावून घेतलं, बऱ्यापैकी घट्ट, आणि टॉर्क रेंच उचलणार एवढ्यात काकू ताट घेऊन शेडमध्ये आल्या. बरोबर आमची बायको, आमची मुलगी.

"हात धू," काकू म्हणाल्या. "पूजा करून घेऊ. पुऱ्या गार होतायत."

"काका येऊ देत की."

"त्यांना गार आवडतात."

आता समोर काकू आहेत, आत श्रीखंड आहे, आणि मी आहे. मी हात धुतले. हत्यारं मांडली. काकूंनी पूजा केली, मनापासून, एकेका पान्ह्याला हळदकुंकू, तांदूळ. मग गाडीला. स्टिअरिंगला लावलं, बॉनेटला लावलं. चाकांपाशी आल्या आणि थांबल्या.

"अरे, ह्या तीन चाकांना कुंकू आहे, ह्याला का नाही?"

इथे मी सांगायला पाहिजे होतं. एक वाक्य. पण माझ्या तोंडात आधी गंमत येते, मग अक्कल. मी म्हटलं, "लावा ना काकू. त्यानं काय पाप केलंय?"

काकूंनी लावलं. पाची नटांना, नीट, वर दोन-दोन अक्षता. मुलगी म्हणाली, "सो प्रिटी." मी मनात म्हटलं, पूजा झाली, आता रेंचला हात लावता येत नाही, सकाळी ट्रॅकवर पहिलं काम हेच. आणि आत जाऊन अकरा पुऱ्या खाल्ल्या. आकडा काकूंनी मोजला होता.

सकाळी जाताना वाटेत मी डेअरीपाशी, म्हणजे तिकडच्या नाक्यावरच्या किराणा दुकानापाशी, व्हॅन थांबवली, सॉसेज रोल घ्यायला. काका ट्रेलरचे पट्टे बघायला उतरले. मी दार लावून घेतलं. किल्ली आत. काका बाहेर, मी बाहेर, हातात सॉसेज रोल. डेअरीवाल्या गुजराती भाईंनी तार आणून दिली, तासभर गेला. पुकेकोहेला पोचलो तेव्हा प्रॅक्टिस संपली होती. तपासणीवाल्यानं सीटचे पट्टे बघितले, चाकं धरून हलवून बघितली, हलली नाहीत, शिक्का मारला. आमची गाडी रांगेत सगळ्यात शेवटी. काका कपडे चढवत होते. जँडल भिंतीपाशी जोडीनं ठेवल्या. हेल्मेट घालायच्या आधी विचारलं, "टिळे?"

मी गाडीभोवती फिरलो. लाल, लाल, लाल, लाल. चौथ्या चाकाचं माझ्या डोक्यातून पार गेलं होतं, श्रीखंडाखाली कुठेतरी. मोजले. पहिल्यांदा मी काकांना गोष्ट नाही, आकडा दिला.

"वीस."

त्यांनी मान हलवली. मला वाटतं खूश झाले होते.

रेस सुटली. पहिल्या दोन फेऱ्यांत काकांनी सात गाड्या मागे टाकल्या, मी लिहिला फळ्यावर नंबर, उड्या मारल्या. फळ्याचा दांडा हलत होता, म्हणून पाचर शोधायला मी हत्यारांपाशी गेलो. टॉर्क रेंचची पेटी उघडली. रेंचवर कॅमेलियाचं फूल. काकूंनी ठेवलं होतं तसंच, हळद पण पुसलेली नाही.

फूल जाग्यावर आहे म्हणजे रेंच कोणी उचललेला नाही. मग वीस कसे?

पेटी तशीच उघडी टाकून मी खडू शोधला.  

आता बघा. अधिकाऱ्यांना सांगावं, तर पत्र आहे. परत ह्याच गाडीचा धोका, जागा गेली. न सांगावं, तर साठीचा माणूस सरळ रस्त्यावर दीडशेच्या वर, मागचं चाक टक न झालेल्या पाच नटांवर. काका स्वतःहून आत आले तर कोणाला काही कळणार नाही, इंजिन तापलं म्हणता येईल. म्हणून मी फळ्यावर लिहिलं, केवढ्या तरी अक्षरांत: 'चाक ढिलं. आत या.'

म्हैस समोरून गेली. काकांनी एक बोट हलवलं.

गंमत समजले. मी पुढच्या फेरीला फळा घेऊन कठड्यावर चढलो, फळ्याकडे बोट दाखवत ओरडत होतो, आणि शेजारच्या टीमचा माणूस हसत होता, कारण दर रेसला मी असंच काहीतरी करायचो. काका बघत पण नव्हते. मग डोकं चाललं: आकडे वाचतात ना? सगळं पुसलं आणि एकच आकडा लिहिला, ४. चौथं चाक.

काकांनी वाचला. चार फेऱ्या राहिल्या असं समजून त्यांनी अजून दाबली.

मी फळा टाकला आणि पळालो. स्टार्ट लाइनजवळ एक लाकडी खोली, तिथे रेसची मुख्य अधिकारी असते. शेरल नावाची बाई, साठ-बासष्टची, गमबूट, कानाला हेडफोन. सायलेन्सरच्या वेळी पत्रावर सही हिचीच. माझं इंग्रजी असं की डेअरीत दूध मागितलं तर भाई गुजरातीत उत्तर द्यायचे. पण त्या दिवशी आलं तोंडातून. "नंबर सेव्हन्टीन. बॅक व्हील लूज. माय मिस्टेक. ओल्ड मॅन नो मिस्टेक. ओन्ली माय."

"यू शुअर?"

आयुष्यात मला कोणी एवढं गंभीरपणे काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "फाइव्ह नट्स. शुअर."

तिनं हेडफोनमध्ये दोन शब्द सांगितले. लाइनवर झेंडा निघाला, काळा, मधोमध नारिंगी गोल, आणि शेजारी आमचा नंबर. ज्याच्या गाडीत बिघाड आहे त्याला दाखवतात तो. मला त्या घाईत पण वाटलं, ह्यानं पण टिळा लावलाय. फळ्यावर विश्वास न ठेवणारे काका झेंड्यावर लगेच ठेवून आत आले.

शेरलबाई स्वतः आली. मागच्या उजव्या चाकापाशी गुडघ्यावर बसली, बोटांनी नट धरला. फिरला. दुसरा फिरला. तिसरा पण. चौथ्यावर थांबली, नखानं काहीतरी काढलं, तळहातावर धरलं.

"इज दॅट राइस?"

काकांनी तांदळाच्या दाण्याकडे बघितलं. मग उघड्या पेटीकडे, रेंचवरच्या फुलाकडे. त्यांना दोन सेकंदांत सगळं कळलं, कोणी लावलं, कधी लावलं, पुऱ्यांसकट. माझ्याकडे बघितलंच नाही. शेरलला म्हणाले, "माय कार. माय रिस्पॉन्सिबिलिटी." ती म्हणाली, ते समिती बघेल. आणि मला जाताजाता म्हणाली, पुढच्या वेळी प्रार्थना पान्ह्यानं कर.

मी काकांना सांगायला गेलो, की काकूंनी विचारलं होतं आणि मी... त्यांनी हात वर केला. "तिला कळता कामा नये." बूट काढले, जँडल घातल्या. "काय सांगायचं घरी?"

"इंजिन तापलं?"

"किती?"

"एकशे पंधरा?"

"एकशे दहा. एकशे पंधराला ते फाटलं असतं."

समितीचं पत्र यायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे काका शेडमध्ये रोज जात होते आणि काहीही करत नव्हते. झाडायचे. काकू मला फोन करून विचारायच्या, ह्यांना काय झालंय रे, आवाजच येत नाही शेडमधून. मी म्हणायचो, इंजिन गार होतंय. माझी झोप उडाली होती, खोटं नाही सांगत. बायको म्हणाली, "तू तीन आठवडे एक पण जोक केला नाहीस. घरात कोणीतरी गेल्यासारखं वाटतंय."

पत्र आलं. ट्रॅकवर काही पडलं नाही, टीमनं स्वतः येऊन सांगितलं, म्हणून जागा राहील. यापुढे चाकं दुसऱ्या माणसानं तपासून सही करायची. काकांनी ते जुन्या पत्राच्या वर लावलं, त्याच खिळ्याला. मग कुंकवाची डबी पुसली आणि देवघरात परत ठेवून आले. खिशातून पिवळ्या पेंटचा पेन काढला, टोपणाला दोरा बांधलेला, आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "काका, मलाच?" ते म्हणाले, "आवळ." त्यानंतर तीन सीझन प्रत्येक नट मी आवळला आणि प्रत्येक 'टक'ला ते माझ्या मागे उभे होते, आकडा मोठ्यानं म्हणत. एक. दोन. तीन. फळ्यावर मी परत कधी अक्षर काढलं नाही.

काकांनी नंतर डोळ्यांमुळे गाडी सोडली. त्या वर्षी पापाटोएटोच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचं स्नेहभोजन होतं. जेवणं झाली होती, पुण्याहून नवीन आलेली आयटीची पोरं भोवती बसली होती, आणि एकानं विचारलं, "तुम्ही रेसिंगमध्ये होतात म्हणे?" मी आयुष्यभर सगळ्या गोष्टी स्वतःचीच फजिती करून सांगत आलो. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, एकदाच म्हटलं, माझ्या बाजूनं सांगून बघू. काकू पलीकडेच बसल्या होत्या, म्हणून कुंकू गाळलं, पुऱ्या गाळल्या. नट ढिले राहिले होते, असं म्हटलं. मी कसं ओळखलं, कसा धावलो, त्या बाईला इंग्रजीत कसं ठणकावलं, झेंडा कसा निघाला. पोरं तोंड उघडून ऐकत होती. काकू तर डोळे मोठे करून, हे मला कोणी सांगितलं नाही, अशा. शेवटी मी खुर्चीत मागे टेकून म्हटलं, "थोडक्यात काय, मी काकांचा जीव वाचवला."

काका कोपऱ्यात मठ्ठा पीत होते. ग्लास खाली ठेवला.

"वाचवलास, बरोबर आहे," ते म्हणाले. "कोणापासून, ते पण सांग."